निवळीचे एकवीस दिवस

...आणि वर ती पोरगी म्हणते कशी, "आजी, टाकीवर जास्त माया करू नका!" आता तुम्हीच सांगा, मायेला काय चमचा असतो? पण होता हो, चमचा होता! निळा, प्लास्टिकचा, आणि तो सपाट भरायचा, शीग लावायची नाही, सुरीच्या पाठीनं वरचं निपटून काढायचं... जिनं अडतीस वर्षं मुठीनं मीठ टाकलं आणि कधी आमटी खारट केली नाही, ती आमची जयवंती रोज चष्मा चढवून चुन्याचा चमचा सपाट करत बसायची. दमली हो, दमली माझी जयवंती!

पण थांबा, असं मधूनच तुम्हाला कळायचं नाही. पहिल्यापासून सांगते.

वसईच्या पश्चिमेला, समुद्राचा वारा केळीच्या पानांच्या चिंध्या करतो ना, तिथे एक वाडी. वाडीत केळी, केळीच्या मधोमध कौलं जाऊन स्लॅब आलेलं एक घर. घरात एकनाथ, एकनाथाची बायको जयवंती, त्यांचा एकुलता एक मुलगा सुजय, आणि एकनाथाची म्हातारी आई. ती म्हातारी म्हणजे मी, पण माझं सोडा, ही गोष्ट माझ्या सुनेची आहे, जयवंतीची. खायला प्यायला देवानं भरपूर दिलेलं, विहिरीला बारा महिने पाणी, पण एक गोष्ट जमत नव्हती. सुजयचं लग्न.

छत्तीस वर्षांचा घोडा! विरारला बँकेत चांगली नोकरी, व्यसन नाही, उंची आहे, डोक्यावर अजून केस आहेत. तेवीस मुली बघितल्या. तेवीस! एकीला वाडीतले डास चावले, एकीला फ्लॅट पाहिजे होता, एकीला आमची विहीर बघून भीती वाटली. विहिरीची भीती! चांगली कठडा बांधलेली विहीर, तिनं काय हिच्या अंगावर धावून यायचं होतं? आणि तेविसावी... तिनं तर कारणच दिलं नाही. फोनच उचलला नाही. जयवंतीला ते फार लागलं. म्हणायची, "आई, डास म्हणाली असती तर जाळी लावली असती. विहीर म्हणाली असती तर झाकण घातलं असतं. न बोलता गेली त्याला मी काय करू?" रोज रात्रीची भाकरी थापताना तेच. दमली होती हो, टाकी यायच्या आधीच दमली होती.

आणि मग आली राधिका. सुजयची बँकेतच ओळख झाली, खातं उघडायला आली होती. बत्तीसची मुलगी, साताऱ्याकडची, एव्हरशाईन सिटीत भाड्यानं एकटी राहणारी. आली, ताठ बसली, आमच्या वाडीतली वाळवलेली केळी, सुकेळी हो, चार खाल्ली आणि पाचवं आम्हाला दाखवून पर्समध्ये टाकलं. मी तिथेच ओळखलं, ही आपली. जयवंतीनं विचारलं, "पत्रिका...?" तर म्हणाली, "काकू, पत्रिका नको. मी तीन आठवडे कोचीला ट्रेनिंगला चाललेय, आणि घरमालक नेमका आताच फ्लॅट रंगवायला काढतोय. माझी एक टाकी आहे, खाऱ्या पाण्याची. ती तुमच्याकडे ठेवते. एकवीस दिवस सांभाळा. परत आले की लग्नाचं बोलू."

एकनाथ म्हणाला, "आणि टाकीला काही झालं तर?"

"तर नाही बोलणार, काका."

ऐकलंत? आमच्या वेळी मुलाचं घराणं बघायचे, शेत बघायचे. हिनं आम्हाला टाकी लावली!

टाकी म्हणजे मला वाटलं छपरावर असते तशी. आली बघा टेम्पोतून... चार फुटांची काच, पाणी वेगळं ड्रमात, दगड वेगळे डब्यात, मासे पिशवीत, आणि बरोबर चार माणसं, जणू पालखी उतरवतायत. मधल्या खोलीत बसवली. त्यात दोन केशरी मासे, बोटाएवढे, अंगावर पांढरे पट्टे. आणि दगडांवर जांभळी, हिरवी, गुलाबी फुलं हलतायत. मी म्हटलं, "हे कसलं शेवाळ?" राधिका म्हणाली, "आजी, हे पोवळं." मी हसले. पोवळं म्हणजे अंगठीतलं, लाल, तेवढं मला माहीत आहे. म्हणाली, "तेच आजी, पण जिवंत. आणि समुद्रातून तोडलेलं नाही हं, तो गुन्हा आहे. हे बाहेरच्या देशात शेती करून वाढवलेलं, कागदपत्रं आहेत माझ्याकडे." समुद्रात शेती! आणि आम्ही इथे केळीला पाणी देतो म्हणून स्वतःला शेतकरी म्हणवतो.

तर हे पोवळं काय करतं, स्वतःचं घर चुन्याचं बांधतं. शिंपला बांधतो तसं. पाण्यातला चुना ओढून घेतं, आणि मग पाण्यातला चुना संपतो, तो आपण परत द्यायचा. कसा? तर चुन्याची निवळी करून! मी म्हटलं, "अगं मग एवढी प्रस्तावना कशाला? निवळी मला शिकवतेस? तीन पोरांना दात येताना ह्याच हातानं निवळी पाजली मी." पोरगी एवढी खूश झाली, माझे दोन्ही हात धरले. पण लगेच बोट वर केलं. "आजी, पानाचा चुना नाही हं. माझी पावडर आहे, तीच. आणि नियम आहेत."

नियम तिनं कागदावर लिहून फ्रिजला चिकटवले. मला वाचता येत नाही, जयवंतीनं एकदा वाचून दाखवले, तेवढ्यात पाठ झाले. अजून म्हणून दाखवते. पाणी फिल्टरचंच. चार लिटरला एक सपाट चमचा. हातात मोजे घालायचे, कारण चुना हाताला खातो, डोळ्यात गेला तर विचारूच नका. ढवळायचं, झाकण लावायचं, ठेवून द्यायचं. गाळ खाली बसला की वरची नितळ निवळी तेवढी कॅनमध्ये. गाळाला हात लावायचा नाही. मग ती निवळी बारीक नळीनं टाकीत, जिथे पाण्याला जोर आहे तिथे, टाकीचा दिवा मालवला की, आणि कशी? थेंब थेंब! काचेवर रेघ मारलीय, दिवसभरात पाणी उडून रेघेच्या जेवढं खाली गेलं तेवढंच द्यायचं, त्याच्यावर एक थेंब नाही. आणि एक मीटर होता, पेनासारखा, तो पाण्यात बुडवायचा, आकडा साडेआठच्या वर गेला की हात जोडून थांबायचं. आणि तांब्याचं भांडं टाकीच्या आसपाससुद्धा नाही. "एका तांब्यानं सगळं मरेल, काकू." जयवंतीनं घरातली सगळी तांब्याची भांडी, देवाच्या पळीपासून पंचपात्रीपर्यंत, माळ्यावर टाकली. देवांना स्टीलच्या चमच्यानं पाणी!

आणि सुरू झालं बघा. सकाळी मीटर, दुपारी मीटर, संध्याकाळी रेघ, मग मोजे, मग चमचा, मग थेंब. एकनाथ आकडा असा वाचायचा जणू दवाखान्यात त्याच्या छातीचा कागद निघालाय. "आठ पूर्णांक दोन... आठ पूर्णांक तीन, जयवंते!" सुजय बँकेतून फोन करायचा, आई कशी आहेस नाही, आजी जेवली का नाही, "आई, आकडा किती?" आणि जयवंती... कुणी दार आपटलं की "हळू!", कुणी टाकीजवळ उदबत्ती लावली की "विझवा!", मी खोकले तरी वळून बघायची. शेजारची कार्मिन, आमची पन्नास वर्षांपासूनची मैत्रीण, कुंपणावरून यायची आणि कंबरेवर हात ठेवून बघायची. "गो बाय, एवढं करून दोन मासे? ह्याचं तर एका माणसाचं कालवण व्हायचं नाय." जयवंती हसायचीसुद्धा नाही. दमली हो, हसायची ताकद उरली नव्हती तिच्यात.

पण पोवळी फुलली! हिरव्याला नवीन कोंब आला, खरंच. चौदा दिवस झाले, पंधरा झाले... आणि पंधराव्याला नळी तुंबली.

चुनाच तो. नळीच्या तोंडाशी पांढरा खडा धरला आणि थेंब बंद. दोन दिवस आम्हाला पत्ताच नाही, रेघेखाली पाणी चाललंय. सोळाव्या दिवशी संध्याकाळी सुजयच्या ध्यानात आलं. त्यानं नळी काढली, व्हिनेगरमध्ये भिजत टाकली, म्हणाला, "सकाळपर्यंत सुटेल, उद्या लावू." शहाणपणाचं बोलला. पण निवळीचा कॅन तिथेच, टाकीशेजारी, झाकण सैल. आणि कॅनवर प्लास्टिकचा मग. तो कुणी ठेवला, आजतागायत कुणी कबूल झालेलं नाही.

आता तुम्हाला एक विचारते. तुमच्याकडे अंगणात तुळस आहे? मग सकाळी तिला पाणी कोण घालतं? सगळे! ज्याची अंघोळ होईल तो येतो, तांब्या ओततो, हात जोडतो, जातो. आधी कुणी घातलं का, किती घातलं, कुणी विचारतं का? विचारायचंच नसतं. मी अठरा वर्षांची ह्या घरात आले तेव्हापासून हेच बघते. आमच्या वाडीत एकाच्या हातचं पाणी तुळशीला कधी पुरलेलं नाही!

सतराव्या दिवशी सकाळी साडेसहाला एकनाथाची अंघोळ झाली. तुळशीला पाणी घातलं, हात जोडले, आत आला. टाकीत पाणी रेघेखाली. त्याच्या मनात काय आलं असेल ते मला आई म्हणून कळतं. पोवळी तहानलेली, होणाऱ्या सुनेचं घर सुकतंय. कॅन बघितला, मग बघितला, ओतला. मग जयवंतीची अंघोळ झाली...

पुढचं तुम्हाला कळलं असेल. तुम्हाला एवढ्यात कळतं, आमच्या घरात कुणाला कळलं नाही!

सव्वासातला जयवंती चहा घेऊन मधल्या खोलीत आली आणि कप खाली पडला. टाकी पांढरी! दूध नासावं तशी. दगड दिसेनात, मासे दिसेनात. जवळ जाऊन बघते तर सगळी पोवळी मुठी मिटून बसलेली, आणि दोघे केशरी मासे पृष्ठभागाला तोंड लावून आ वासतायत. पाणी रेघेच्या बोटभर वर. एकनाथ मीटर घेऊन धावला. "आठ पूर्णांक... जयवंते... नऊ." आणि खाली बसला.

सुजयनं फोन लावला. राधिकानं उचलला, व्हिडिओवर. केस ओले, मागे कोचीची खिडकी. टाकी बघितली आणि तिचा चेहराच उतरला. पण ओरडली नाही. हळूच म्हणाली, "काकू, निवळी किती घातलीत?"

जयवंती म्हणाली, "एक मग. रेघेखाली होतं गं, म्हणून."

"एका मगानं एवढं नाही होणार."

मागून एकनाथ, "एक मग माझा."

"म्हणजे काकूंनी घातला तोच ना?"

"नाही. तो वेगळा. माझा साडेसहाचा." मग घसा खाकरून, "आणि मी जरा ढवळून घातला. निवळीच्या डब्यातला तळाचा गाळही ओतला त्यात. म्हटलं, गाळात सत्त्व असतं."

राधिकानं डोळे मिटले. डोळे मिटूनच म्हणाली, "सुजय?"

माझा नातू, बँकेतला अधिकारी, लोकांचे हिशेब तपासणारा. "...पाऊण मग. मला वाटलं, कुणी घातलंच नाही."

"म्हणजे तीन."

मग डोळे उघडून तिनं परत विचारलं, "तीनच ना?"

चौथा मग कुणी ओतला ते मी तुम्हाला सांगणार नाही. घरात माणसं चारच आहेत.

आता बघा, ती पोरगी रडली असती, शिव्या दिल्या असत्या, फोन आपटला असता, तर आम्ही काही म्हटलं नसतं. पण ती म्हणाली, "ऐका. आता कुणी काहीही घालायचं नाही. लिंबू नाही, व्हिनेगर नाही, काही नाही. मागच्या ड्रममध्ये मी खारं पाणी तयार करून ठेवलंय, त्यातलं घेऊन टाकीचं पाचवा हिस्सा पाणी बदला, सावकाश, मगानं नाही, नळीनं. हवेचा पंप पूर्ण जोरात. आणि खोलीच्या सगळ्या खिडक्या लावून घ्या."

"लावून?" जयवंती म्हणाली. "अगं, ऑक्टोबर आहे!"

"लावून, काकू. आणि आत माणसं बसवा. आपण श्वास सोडतो ना, ती हवा पंपानं पाण्यात गेली की चुन्याचा जोर उतरतो."

सुजय एकदम म्हणाला, "हो हो, शाळेत निवळीत नळीनं फुंकर मारायला लावायचे!"

"तेच. मघाशी आठवलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली. आणि तेवढ्यातही मला हसू आलं हो. आत्ताच बायको झाली!

एकनाथानं विचारलं, "माणसं किती बसवायची?"

"मिळतील तेवढी, काका."

तुम्हाला सांगते, लग्नाचं आमंत्रण द्यायला मी घर घर फिरले असते तर एवढे लोक आले नसते! जयवंती तशीच, पदर खोचून कुंपणाशी गेली. "कार्मिन, घरात ये. सगळ्यांना आण." कार्मिन म्हणाली, "काय झालं गो? कोण गेलं?" "कुणी गेलं नाही. श्वास घ्यायला ये." कार्मिनकडे रोजरीच्या बायकांची सकाळची प्रार्थना सुटत होती, त्या दहाजणी जपमाळा हातात घेऊन तशाच आल्या. आमच्या भजनाच्या पंधराजणी मी बोलावल्या. दोघी तर पेढे घेऊन आल्या, त्यांना वाटलं साखरपुडा! आणि आला फर्डिनंड. फर्डिनंड म्हणजे कार्मिनचा दीर, लग्नाच्या ब्रास बँडमध्ये कर्णा वाजवतो, छाती पाण्याच्या पिंपाएवढी. राधिकानं त्याला पडद्यावर बघितलं आणि म्हणाली, "ह्या काकांना पंपाशेजारी बसवा!" तो बिचारा कर्णाच घेऊन आला होता. "वाजवू काय?" "नाही नाही, मासे घाबरतील. नुसतं फुंका." मग फर्डिनंड कर्ण्याशिवाय, गाल फुगवून, पंपाकडे तोंड करून, फू... फू... असा दोन तास!

एकतीस माणसं. मधली खोली केवढी? आमच्या पापडाच्या चार चादरी मावतात एवढी. खिडक्या बंद, दार बंद, पंखा गरगरतोय तो गरमच हवा फिरवतोय. ह्या भिंतीला रोजरी, त्या भिंतीला आमचं भजन, कारण कुणीतरी म्हणालं, गायलं की श्वास जास्त सुटतो. मधे टाकी, पांढरी. सुजय गुडघ्यावर, नळीनं पाणी बदलतोय. आणि एकनाथ दर पाच मिनिटांनी आरतीसारखा आकडा म्हणतोय. "आठ पूर्णांक नऊ!" सगळ्यांचा जोर वाढला. "आठ पूर्णांक नऊ!" परत. घामानं साड्या अंगाला चिकटल्या, भजनातल्या एकीला घेरी आली, ती बाहेर जाते म्हणाली तर कार्मिननं तिला धरून बसवलं, "बस गो बाय, एका माणसाची हवा कमी होल." पाऊण तासानं एकनाथाचा आवाज फाटला. "आठ पूर्णांक आठ!" रोजरीवाल्यांनी क्रुसाची खूण केली, आमच्यांनी टाळ वाजवले.

जयवंती मात्र बसलीच नाही. काचेला हात लावून उभी. फोन टाकीसमोर टेकवलेला, राधिका तिथे ट्रेनिंगला न जाता बसून होती, पाण्याकडे बघत. जयवंतीनं तोंड फोनजवळ नेलं. एवढ्या गोंगाटात मला ऐकू आलं, कारण मी तिच्या पायाशीच बसले होते.

म्हणाली, "राधिका, चूक आमची आहे. सुजयचा पाऊणच मग होता गं. त्याच्यावर रागावू नको. आणि तुझं उत्तर नाही असलं तर नाही म्हण, पण सांगून जा. काय चुकलं ते सांगून जा. न सांगता नको जाऊ."

आणि रडली हो. उभ्या उभ्या, काचेला धरून. इतकी दमली होती, डोळे पुसायलाही हात वर गेला नाही.

मला वाटलं, झालं, चोविसावी. मग राधिका म्हणाली, "काकू, जरा बाजूला व्हा."

जयवंती झाली बाजूला. राधिकाला खोली दिसली. एकतीस घामेजलेली माणसं, जपमाळा, टाळ, पेढ्याचा खोका, आणि गाल फुगवलेला फर्डिनंड. बघत राहिली. म्हणाली, "सात वर्षं मी ही टाकी ठेवतेय. माझ्या घरातलं कुणी तिला एकदा वाकून बघायलासुद्धा आलं नाही. आणि इथे... काकू, रडू नका. मी रविवारी येते. आईबाबांना घेऊन येते. तारीख बघून ठेवा."

एकनाथ ओरडला, "आठ पूर्णांक सहा!" त्याला बाकी काही ऐकूच आलं नव्हतं!

दुपारपर्यंत साडेआठच्या खाली आलं. खिडक्या उघडल्या, पेढे वाटले, आता ते खरे साखरपुड्याचे झाले. पाणी दुसऱ्या दिवशी निवळलं. एक गुलाबी पोवळं मात्र गेलं, पांढरं फटक पडलं ते परत उघडलं नाही. पण बाकी सगळी तिसऱ्या दिवशी मुठी सोडून हलायला लागली, आणि मासे काय, त्यांना आठवणसुद्धा नाही. डिसेंबरात लग्न झालं. फर्डिनंडचा बँड लागला, ह्या वेळी कर्ण्यासकट. राधिका घरात आली, आणि आता तर... नको, तीन महिने झाल्याशिवाय बोलायचं नसतं, पण जयवंतीनं मऊ जुनी लुगडी काढून धुवायला टाकलीत एवढं सांगते.

सुनेत नाव ठेवायला जागा नाही. हसतमुख, कामसू, सासूला "काकू"ची "आई" केलं. पण टाकी... टाकीला आता इथलं पाणी मानवलं म्हणे, हलवायची नाही. म्हणून ती तिथेच, मधल्या खोलीत. सुजय, राधिका कामाला गेले की घरात जयवंती आणि ती. जयवंती तिच्यासमोरून पाय न वाजवता जाते. तिला विचारल्याशिवाय पंखा लावत नाही. कुठे चंदनसारला बहिणीकडे जायचं म्हटलं तरी आधी आत जाऊन तिच्याकडे बघून येते, आणि दोन दिवसांची एका दिवसात परत येते. अडतीस वर्षं मी ह्या घरात सासू आहे हो! ओरडले, टोमणे मारले, रुसून जेवले नाही, जयवंतीनं मला एक दिवस भीक घातली नाही. आणि आता बघा. घरात खरी सासू आली. चार फूट लांब, काचेची... आणि तिला तोंडसुद्धा उघडावं लागत नाही!